एक हजार ऐंशी ग्रॅम

मखमलाबादच्या गोरक्ष मौलेने आयुष्यात पहिल्यांदा तान्हं मूल हातात घेतलं तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि ते मूल त्याचं स्वतःचं होतं. भावकीत लहान मुलं पुष्कळ. पण बारशाला गेला तरी गोरक्ष मांडवाच्या कडेला उभा राहायचा, जेवायचा आणि निघायचा. माणूस वाईट नव्हता. बोलणं कमी आणि घाई जास्त, एवढंच. दीड एकरात झेंडू आणि गुलाब, थंडीत कोबी नाहीतर टोमॅटो, सकाळी टेम्पोतून फुलं शहरातल्या बाजारात, दुपारी पुन्हा शेत. वडील लवकर गेल्यामुळे दहावीनंतर हेच चालू होतं. कुठलंही काम हातात घेतलं की ते संपायचं कधी, हा त्याचा पहिला प्रश्न असायचा.

२०१८च्या दिवाळीनंतर त्याची बायको भाग्यश्री हिचे पाय सुजायला लागले. सातवा महिना होता. सासू झुंबरबाई म्हणाली, "पहिलटकरणीचे पाय सुजत्यातच." चार दिवसांनी भाग्यश्रीचं डोकं ठणकायला लागलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेव्हा गोरक्षने तिला टेम्पोत बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. रक्तदाब मोजणाऱ्या नर्सने तो दोनदा मोजला आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. त्याच दुपारी सिझेरियन झालं. मुलगी झाली होती. दहा आठवडे आधी, वजन एक हजार ऐंशी ग्रॅम.

भाग्यश्री अतिदक्षता विभागात होती. तिला झटके येऊ नयेत म्हणून औषध चालू होतं आणि ती धड शुद्धीवर नव्हती. मुलगी दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत होती. गोरक्ष दोन मजल्यांमध्ये जिन्यावरून खालीवर करत राहिला. पेटीतल्या मुलीकडे त्याने पहिल्या दिवशी नीट पाहिलंही नाही. पुढे एकदा त्याने सांगितलं, की नाकात नळी, हाताला सुई आणि डोक्यावर कुणाची तरी विणलेली टोपी एवढंच दिसलं, चेहरा कुठे आहे ते कळलंच नाही.

सहाव्या दिवशी पेट्यांच्या कक्षाच्या दारातून हाक आली. "मौले कोण आहे?"

"मी."

"बाळाचे बाबा ना? आंघोळ केलीय?"

या शुभांगी सिस्टर. चाळिशीच्या, उंच, चष्मा कपाळावर चढवलेला. गोरक्ष बाजारातून थेट आला होता. त्याच्या शर्टावर झेंडूच्या पाकळ्या होत्या.

"पलीकडे बाथरूम आहे. साबण लावून आंघोळ करा, नखं कापा आणि या. शर्ट काढायचाय तुम्हाला."

"कशाला?"

"पोरीला छातीशी धरायला. आईला अजून चार-पाच दिवस उठता येणार नाही. तोवर तुम्ही."

"माझ्या आईला बोलावतो की. तिला येतं सगळं."

"त्यांना खोकला आहे, मी कालच ऐकला. तुम्हीच पाहिजे."

गोरक्षने आंघोळ केली. परत आला तेव्हा त्याला मागे टेकता येणाऱ्या खुर्चीत बसवून, शुभांगी सिस्टरांनी मुलीला फक्त लंगोट आणि टोपीवर ठेवून त्याच्या उघड्या छातीवर पालथं घातलं. तिचे पाय बेडकासारखे दुमडले, मान एका बाजूला वळवली आणि दोघांभोवती सुती कापड गुंडाळलं. गोरक्षने श्वास धरून ठेवला होता.

"श्वास घ्या हो," सिस्टर म्हणाल्या. "तुमचा ऐकून तीपण घेईल."

"किती वेळ बसायचं?"

"एक तास तरी. जमलं तर सहा तास."

"नुसतं बसून?"

"नुसतं नाही. हिच्या डोक्याचं काम चाललंय आतमध्ये. या शेवटच्या दहा आठवड्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. त्याला वळ्या पडतात, घड्या पडतात. पोटात अंधार असतो, ऊब असते, आईचं हृदय ऐकू येतं. इथं काय आहे? ट्यूबलाइट, सुया आणि मशिनचा आवाज. तुमच्या छातीवर असली की ती शांत झोपते. झोपेतच मेंदू वाढतो."

गोरक्षने शेतकऱ्याला सुचेल तोच प्रश्न विचारला. "म्हणजे गड्डा भरायच्या आधी कोबी काढला, तसं झालं का?"

"काढलेला कोबी भरतो का पुढे?"

"नाय."

"ही भरते. म्हणून तर बसायचं."

त्या दिवशी तो दोन तास बसला. दुसऱ्या दिवशी चार. शेत चुलतभावाने सांभाळलं. बाजारातल्या लोकांना कळल्यावर थट्टा झाली. कुणी म्हणालं, गोरक्षला पान्हा फुटला. भाग्यश्री अकराव्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून वर आली तेव्हा तिने पहिल्यांदा आपली मुलगी पाहिली ती नवऱ्याच्या छातीवर. तिला रडू आलं आणि थोडा रागही आला. राग कसला ते तिला तेव्हा सांगता आलं नाही. पुढे ती म्हणाली, की मुलगी माझी आणि वास यांचा ओळखत होती. त्यानंतर दोघं आळीपाळीने बसायला लागले.

मुलीच्या टाळूवर यंत्र ठेवून डोक्याची सोनोग्राफी तीन वेळा झाली. पहिल्या वेळी मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांशेजारी थोडा रक्तस्राव दिसला. पाचव्या आठवड्यात त्याच्या आसपास बारीक छिद्रं दिसली. डॉक्टरांनी नवराबायकोला बसवून कागदावर चित्र काढलं. मेंदूतून पायांकडे जाणारे धागे याच भागातून जातात, असं सांगितलं.

"म्हणजे ती चालणार नाही?" भाग्यश्रीने विचारलं.

"तसं मी म्हणत नाही. अशा काही मुलांना पुढे फारसा त्रास होत नाही, काहींना होतो. पायात ताठरपणा येतो, किंवा शाळेत अडचण येते. आज कुणीच सांगू शकणार नाही. मेंदू लहान आहे, तो दुसरी वाटही काढतो. पण काय होतंय ते वेळेवर दिसलं पाहिजे. म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नका."

शेहेचाळिसाव्या दिवशी मुलगी घरी आली. वजन एक किलो सहाशे पन्नास. नाव ठेवलं वेदिका. दवाखान्याच्या फाइलवर तिची दोन वयं लिहिली होती, एक जन्मापासूनचं आणि एक ठरलेल्या तारखेपासूनचं. मूल काय करतं ते दुसऱ्या वयाशी ताडून बघायचं, असं शुभांगी सिस्टरांनी समजावलं होतं. झुंबरबाईला ते पटलं नाही. "जल्मली तवा जल्मली. सरकारनं सांगून वय कमी होतं व्हय?"

पहिल्या तीन-चार तारखा गोरक्षने पाळल्या. डोळ्यांची तपासणी झाली, कानांची झाली, डोक्याचा घेर मोजून तक्त्यावर ठिपके मांडले गेले. ठिपके रेषेच्या जवळून चालले होते. वेदिका हसायला लागली, आवाजाकडे वळायला लागली, गालावर मांस आलं. घरात येणारा जाणारा म्हणायचा, सातव्या महिन्यातली म्हणून कुठं दिसतंय हिच्याकडं बघून? आणि गोरक्षला ते ऐकायला आवडायचं.

जुलैची तारीख गुलाबाच्या छाटणीत गेली. ऑक्टोबरची दसऱ्याच्या आठवड्यात आली. झेंडूवाल्याची वर्षाची कमाई त्याच आठवड्यावर असते. "पोरगी चांगली हाय," तो भाग्यश्रीला म्हणाला. "दिवाळी झाली की जाऊ."

भाग्यश्रीला शंका होती. वेदिका अजून बसत नव्हती. धरून उभी केली की तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर जायचे आणि ती चवड्यांवर ताठायची. झुंबरबाई दोन्ही पाय पसरून तिला त्यावर आडवी घेऊन न्हाऊ घालायची. तिनेही एकदा सांगितलं, "लय आखडती ही. जोर लावून चोळलं की सुटंल." ती चोळायची आणि वेदिका किंचाळायची. डिसेंबरच्या एका सकाळी भाग्यश्रीने सासूच्या पायावरून मुलगी उचलली, ओली तशीच टॉवेलात गुंडाळली आणि टेम्पोजवळ जाऊन उभी राहिली.

"अहो, फुलं उतरवा खाली. आपण आत्ता जायचंय."

गोरक्षने फुलं उतरवली.

दवाखान्यात लहान मुलांच्या वाढीचं केंद्र होतं. तिथे तृप्ती मॅडम या फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांनी वेदिकाला गादीवर झोपवलं, गुडघे वाकवून पाहिले, घोटे वर दाबून पाहिले, खुळखुळा दोन्ही बाजूंनी वाजवला. मग फाइल चाळली.

"मधल्या दोन भेटी नाहीत."

"माझी चूक आहे," गोरक्ष म्हणाला.

मॅडमनी फाइल मिटली. दोन्ही पायांत ताठरपणा आहे, हात बरेच चांगले आहेत, समज चांगली दिसते, असं त्यांनी सांगितलं. चोळायचं नाही. हळूहळू ताणायचं, दिवसातून चार वेळा, आणि खेळता खेळता बसायला, वळायला लावायचं. आठवड्यातून दोनदा इथे यायचं.

"हे संपेल कधी?" गोरक्षने विचारलं.

"संपणार नाही. कमी होईल."

पुढच्या मंगळवारी सांगण्याआधी टेम्पो दारात होता.

जेमतेम तीन महिने गेले आणि लॉकडाउन आला. केंद्र बंद, बाजार बंद, देवळं बंद. झेंडू शेतात उभा राहून सुकला. गोरक्षने तो नांगरून टाकला. मग दहावीनंतर पहिल्यांदा त्याच्याकडे दिवसभर करण्यासारखं काही उरलं नाही. तृप्ती मॅडम फोनवर व्हिडिओ पाठवायच्या. तो ते तीन-तीनदा पाहायचा, भाग्यश्री वेदिकाला धरायची आणि हा घोटा कसा वळवायचा ते मोबाइल समोर ठेवून शिकायचा. चुकलं की मॅडमला उलट व्हिडिओ पाठवायचा आणि त्या सांगायच्या, "अंगठा वर नको, टाचेखाली घ्या."

एका व्हिडिओत मुलं दोन दांड्यांच्या मध्ये उभी राहून चालत होती. टोमॅटोला आधार द्यायचे बांबू गोठ्यात पडून होते. गोरक्षने अंगणात दोन रांगा रोवल्या, वर आडवे बांबू वेदिकाच्या छातीइतक्या उंचीवर तारेने बांधले आणि कुसळं लागू नयेत म्हणून त्यांना जुनी साडी गुंडाळली. दुसऱ्या टोकाला झुंबरबाई बसायची. चोळणं बंद झाल्याचा तिचा राग ओसरला होता आणि तिच्यावर नवं काम आलं होतं. वेदिका पोहोचेपर्यंत तिने जागचं हलायचं नाही.

"ये माझी बाय. ये. आणखी येक."

वेदिका पडायची, रडायची, कधी बांबूच चावायची. बांबूंच्या मधून ती पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली ती २०२१च्या फेब्रुवारीत, सव्वादोन वर्षांची असताना. बांबू सोडून चार पावलं टाकायला आणखी सात महिने लागले. तोवर पायात प्लास्टिकचे साचे आले होते, गुडघ्याखालपर्यंतचे, रोज सकाळी पट्ट्या आवळून घालायचे. ती टाचा किंचित उचलून, गुडघे आत वळवून चालते. आजही तसंच चालते.

बोलायला मात्र ती लवकर लागली आणि मग थांबली नाही. बाजारातल्या कुठल्या मावशीच्या पाटीत काय असतं, पेठला जाणारी बस कोणत्या थांब्यावरून सुटते, कोण कुणाचं काय लागतं, सगळं तिला तोंडपाठ. म्हणून २०२४ला ती पहिलीत गेली तेव्हा घरात कुणाला अभ्यासाची काळजी नव्हती. पायांची तेवढी होती.

दिवाळीच्या आधी वर्गशिक्षिका निकिता बाईंनी भाग्यश्रीला बोलावलं. वेदिकाची वही उघडून दाखवली. अक्षरं ओळ सोडून खाली उतरलेली, 'ब' आणि 'क' उलटे, पाच आणि सात मणी मांडून कुठले जास्त ते तिला सांगता येत नव्हतं. फळ्यावरचं उतरवताना ती अर्ध्यावर हरवायची.

"गोष्ट विचारली तर वर्गात हिच्याइतकी कुणी सांगत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून मला आधी वाटलं, आळस करते. दोनदा रागावले मी. पण हे आळसाचं नाही हो. तुम्ही कुणाला तरी दाखवा."

पुन्हा तेच केंद्र. दोन सकाळी चाचण्या झाल्या, ठोकळे, चित्रं, कोडी. बोलणं आणि स्मरण वयाप्रमाणे, काही ठिकाणी वयाच्या पुढे. डोळ्यांनी पाहून जागा ओळखणं, आकार जुळवणं, संख्येचा अंदाज, हे मागे. कमी वजनाच्या मुलांत हे दिसतं, डॉक्टर म्हणाले. डोळे चांगले असतात. डोळ्यांनी आणलेलं मेंदूत जिथे जुळवलं जातं तिथे अडतं.

भाग्यश्री शाळेसाठीच्या सूचना लिहून घेत होती. उठता उठता गोरक्षने विचारलं, "डॉक्टर, दोन तारखा चुकवल्या होत्या मी. ती वर्षाची व्हायच्या आधी. त्याच्यामुळं झालं का हे?"

डॉक्टरांनी लगेच नाही म्हटलं नाही. "इजा जन्माच्या वेळची आहे. ती तुमच्या तारखांनी झाली नाही. त्या महिन्यांत व्यायाम सुरू झाला असता तर पायांना थोडा फायदा झाला असता कदाचित. किती, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

"कदाचित."

"हो. कदाचित."

बाहेर आल्यावर भाग्यश्री त्याला म्हणाली, "कशाला विचारलंत?" तो म्हणाला, "विचारायचं होतं." त्या विषयावर त्या दोघांचं पुन्हा बोलणं झालं नाही. भाग्यश्रीच्या मते तो ते विसरला नाही, पण ते उगाळत बसलाही नाही.

निकिता बाईंनी वेदिकाला पहिल्या बाकावर आणलं, चौकटीची वही दिली आणि गणितं तोंडी घ्यायला सुरुवात केली. घरी भाग्यश्री मोगऱ्याच्या कळ्या दहा-दहाच्या ओळीने मांडून मोजायला शिकवते. तिला आता, दुसरीत, वीसपर्यंत नीट येतं. दुसरीच्या इतर मुलांना शंभरपर्यंत येतं.

शुभांगी सिस्टर मधेमधे गोरक्षला फोन करतात. एखादी आई अतिदक्षता विभागात असते, बाळ पेटीत असतं आणि बाप छातीशी धरायला तयार नसतो. मग बाजारातून परतताना गोरक्ष तिकडे वळतो. तो फारसं समजावत नाही. मी बसलो होतो, एवढं सांगतो. आंघोळ कुठे करायची ते दाखवतो. काही ऐकतात. पेठकडून आलेला राजू नावाचा एक मुलगा, वय बावीस, बाळ हातातून सुटेल म्हणून नको म्हणत होता. गोरक्ष त्याच्या शेजारी स्टुलावर दोन तास बसून राहिला. ते बाळ नवव्या दिवशी गेलं. राजू गावी जाताना बाजारात येऊन त्याला भेटून गेला. काय बोलणं झालं ते गोरक्षने कुणाला सांगितलं नाही. पुढचा फोन आला तेव्हा तो परत गेला.

गेल्या डिसेंबरात शाळेची सहल पांडवलेण्याला निघाली. दोनशेच्या वर पायऱ्या. मुख्याध्यापकांनी निरोप दिला, वेदिकाला पाठवलं नाही तरी चालेल. वेदिकाने घर डोक्यावर घेतलं. शेवटी निकिता बाई म्हणाल्या, "बाबांनी सोबत यावं, मी बघते."

गोरक्ष गेला. सगळी मुलं पळत वर गेली. वेदिका कठडा धरून एकेक पायरी चढत होती, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणून. तो तिच्या एक पायरी खाली चालत होता. हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा.

"बाबा, धरू नका."

"नाय धरत."

पन्नासएक पायऱ्यांवर ती दम खायला थांबली. सत्तराव्या पायरीच्या आसपास पाय अडकला, ती गुडघ्यावर आदळली आणि त्याने हात लावायच्या आत स्वतःच उठली. शंभर झाल्या असतील नसतील, एका झाडाच्या सावलीत रुंद पायरी आली. ती तिथे बसली. वर मुलांचा गलका ऐकू येत होता.

गोरक्ष शेजारी उकिडवा बसला. "उचलून नेऊ का वरती?"

तिने वर पाहिलं, मग खाली पाहिलं. हायवेवरून ट्रक जात होते. पलीकडे गावभर घरं पसरली होती.

"नको. माझं इथपर्यंत झालं."

"लेणी बघायची नाय?"

"निकिता बाई येऊन सांगतील की काय काय होतं ते. मग मी आजीला सांगेन." तिने पायातल्या साच्याची पट्टी सैल केली आणि दप्तर पुढे ओढलं. "डबा इथंच खाऊ. भाकरीबरोबर ठेचा दिलाय आईनं, तुम्हाला पण."

दोघांनी तिथे बसून डबा खाल्ला. वरून मुलं उतरायला लागेपर्यंत ती येणाऱ्या जाणाऱ्या माणसांना विचारत होती, तुम्ही कुठून आलात, वर किती लेणी आहेत, बुद्ध केवढा आहे. गोरक्ष घाई न करता ऐकत होता.